रुद्राणीच्या नावावर मिशा

आमच्या लातूरच्या क्लासमध्ये शिरलं की समोरच मोठा स्क्रीन दिसतो. त्यावर सहा बटणं. रविवारच्या टेस्टमध्ये पहिले सहा येतात त्यांचे फोटो नावासकट या बटणांवर झळकतात, दाबलं की मार्क दिसतात. हा प्रोग्राम पायथनमध्ये मी लिहिलाय. मी म्हणजे अलीझा, दहावी, क तुकडी. नम्रपणा मला येतो, पण इथं त्याची गरज नाही.

कुठल्या बटणावर कोणाचा फोटो, हे मी ठरवलेलंच नाही. प्रोग्राम निकालाची यादी वाचतो, रोल नंबर बघतो आणि फोल्डरमधून त्या नंबराचा फोटो उचलून बटणाला लावतो. निकाल बदलला की चेहरे आपोआप बदलतात. सुरुवातीला सगळी बटणं कोरीच यायची. फोटो लावला तरी प्रोग्राममध्ये तो आपण वेगळा धरून ठेवावा लागतो, नाहीतर पायथन त्याला केर समजून फेकून देतो. ही सवय त्याला आमच्या क्लासकडून लागली असावी.

क्लासचे मालक श्रीनाथ सर. त्यांनी विचारलं, "फोटो सापडलाच नाही तर?"

"बटण कोरं राहील, सर."

"कोरं? अगं, इथं आईबाप बघायला येतात! तिथं माझा लाव."

लावला.

फोटो फक्त अ तुकडीचे काढलेले. बाकीच्यांचे काढून करायचं काय, असं ऑफिसचं म्हणणं. आणि ते खरंच होतं. दर शनिवारी अ तुकडीला 'अपेक्षित प्रश्न' मिळायचे आणि रविवारी तेच पेपरात यायचे. सर याला मार्गदर्शन म्हणतात.

त्या शनिवारी मात्र जमीन हलली. धक्का हलकासाच, पण लातूरकर अशा वेळी विचार करत बसत नाहीत. माहितीपत्रकात 'भूकंपरोधक इमारत' छापलेलं असूनही अ तुकडी वह्या टाकून मैदानात पळाली. सर तिच्याही पुढं. अपेक्षित प्रश्न राहिले ते राहिलेच.

रविवारी टेस्ट झाली. पहिल्या सहांत अ तुकडीचं कुणीच नाही. पहिली आली रुद्राणी, होस्टेलमधली माझी रूममेट.

सोमवारी तिचे बाबा, नागप्पाकाका, किनवटहून आले. त्यांनी फोनवर बजावलं होतं, "स्क्रीनवर फोटू दिसला तर बारावीपर्यंत ऱ्हा. न्हाई तर सामान बांध. आपल्याकडंबी कालेज हाय." रुद्राणीनं भीतीनं सामान बांधूनच ठेवलं होतं.

काका स्क्रीनपुढं उभे राहिले. सहा बटणं. सहाही बटणांवर श्रीनाथ सर, हसताना.

"रुद्रे, तू कुठं हाईस?"

"पहिली, बाबा. ते बघा, नाव."

"नाव दिसलं. ह्या मिशा तुझ्या हायेत व्हय?"

रुद्राणीचे डोळे भरून आले. काकांनी तिची बॅग उचलली.

मी फोन काढला. नांदेडला अब्बांचा फोटो स्टुडिओ आहे, हे काम माझ्या रक्तातलंच. "भिंतीला टेक. हनुवटी वर. आता रडलीस तर ठोकीन." खटकन फोटो काढला, तिचा रोल नंबर, ३१७, हेच नाव दिलं, फोल्डरमध्ये टाकला.

सर धावत आले. "अगं, हिला टायसुद्धा नाही! ऑफिसला विचारलंस?"

"सर, प्रोग्राम ऑफिसला विचारत नाही. फोल्डर बघतो."

प्रोग्राम पुन्हा सुरू केला. पहिल्या बटणावर रुद्राणी, ओल्या डोळ्यांची. बाकी पाचांवर सर.

काका बोट ठेवत सावकाश खाली आले. "पैली आमची. दुसरे सर. तिसरे... सरच?" मग वळून अगदी कळवळ्यानं म्हणाले, "सर, तुमीबी परीक्षा देऊन राहिले का?"

मागं इतर आईबापांची गर्दी जमलेली. आता सरांनी खरं सांगायचं तर फोटो कुणाचे काढले नि का, हेही सांगावं लागणार.

"हाव," सर म्हणाले. "मुलांसोबत... देतो अधूनमधून."

काकांनी बॅग खाली ठेवली. "पोरगी मास्तरच्या म्होरं गेली, मग घरी नेऊन काय करू? ऱ्हा, रुद्रे." जाता जाता त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमीबी मन लावून करा, सर. याल वर."