तिसरा माफीनामा

बोरीवलीच्या 'जलमौज' पार्कात पाहुण्यांनी घातलेला गोंधळ निस्तरणं हे माझं काम. निस्तरणं म्हणजे काय, तर दंगा करणाऱ्याला थंडगार सरबत पाजायचं आणि त्याला अडवणाऱ्या कर्मचाऱ्याकडून माफीनामा लिहून घ्यायचा. पार्कचं नाव पेपरात येता कामा नये. अकरा वर्षांत आलं नाही. याचा मला एवढा अभिमान, की घरी बायकोशी कडाक्याचं भांडण झालं तरी मी त्याला 'किरकोळ गैरसमज' म्हणतो.

नारळी पौर्णिमेला मी वाकोल्याच्या धाकूमामाला फुकट पास दिला. मामा मूळचा मालवणकडचा. पाण्यात उतरण्याआधी त्याने पिशवीतून नारळ काढला, हात जोडले आणि लाटांच्या तलावात भिरकावला. नारळ एका बाईच्या कानाजवळून गेला. जीवरक्षक संघमित्राने शिट्टी फुंकली, तर मामाने ती तिच्या गळ्यातून ओढून नारळामागोमाग फेकली.

दहा मिनिटांत दोघंही माझ्यासमोर. मामाला सरबत, संघमित्राला कागद. तिचा हा तिसरा माफीनामा, आणि आमच्याकडे तिसऱ्याला नोकरी जाते. मजकूर मला तोंडपाठ होता: 'माझ्या वागण्याने पाहुण्यांच्या भावना दुखावल्या.' तिच्याकडे न बघता मी तो सांगायला लागलो. शूर माणूस मी!

मामाने ग्लास खाली ठेवला. "सर्वेशा, नारळ मी टाकलंय, शिट्टी मी ओढलंय. मगे सही ह्या चेडवाची कित्याक?"

"मामा, पाहुण्यांच्या माफीचा फॉर्मच नाही आमच्याकडे."

"मगे कोरो कागद दी."

मामाने दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि संघमित्रासमोर हात जोडले. मी तिचा कागद फाडून टाकला. मिटलं एकदाचं, असं वाटून मी तिलाही सरबत विचारलं.

तिने ग्लासला हात लावला नाही. "सर, आधीच्या दोन वेळी पण माझी चूक नव्हती ना."

"माहीत आहे," मी म्हणालो. मला तेव्हाही माहीत होतं, आणि त्याचीच आता लाज वाटली.

मी आणखी एक कोरा कागद घेतला. सवयीने 'किरकोळ गैरसमज' लिहिलं. खोडलं. 'हिचे आधीचे दोन्ही माफीनामे मी खोटे लिहून घेतले' असं लिहून खाली सही केली आणि मॅनेजर मार्तंडसाहेबांच्या केबिनकडे निघालो. तिथे मला कोणी सरबत देणार नव्हतं.