साहेबांचा खोकला

"अहो, पाणी प्या!" मी स्वयंपाकघरातून ओरडले.

"मी कुठे खोकलो?" हे अंगणातून म्हणाले.

मी हातातलं काम ठेवून बाहेर आले. आमच्या घरात खोकणारी माणसं दोनच, हे आणि मी, आणि मी तर खोकले नव्हते. तेवढ्यात मागच्या खोलीतून पुन्हा आवाज आला. कोरडा, घशात अडकलेला, आणि शेवटी फुर्रकन नाक शिंकरल्यासारखा. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. साहेब खोकत होते.

साहेब म्हणजे आमचं नवं तट्टू. बाजारातून घरी आणलं त्याच दिवशी ह्यांनी त्याचं नाव साहेब ठेवलं, कारण हाक मारली की ते आधी मान वळवून बघायचं, थोडा विचार करायचं, आणि मग यायचं की नाही ते ठरवायचं. तपकिरी रंग, पोट जरा सुटलेलं, कपाळावर केसांची झुलपं. नाही म्हटलं तरी मलाही ते पहिल्या नजरेत आवडलं होतं. पण तसं ह्यांना सांगितलं असतं तर हे डोक्यावर चढून बसले असते.

आमचा गाद्या भरायचा धंदा. पुढे दुकान, मधल्या खोलीत कापूस पिंजायचं यंत्र, मागे आम्ही, आणि आता आमच्या शेजारच्या खोलीत साहेब. तयार झालेली गादी हे स्वतः खांद्यावरून गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचे, जन्मभर तसंच केलं. यंदा गुडघ्यांनी संप पुकारला. मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला आहे, त्याला हे कळल्यापासून त्याचं एकच पालुपद सुरू झालं, दुकान बंद करा आणि माझ्याकडे या. मुलगा गुणी आहे, सूनही चांगली आहे, पण त्यांच्याकडे जाऊन हे करणार काय? मागे एकदा राहायला गेलो होतो, तर ह्यांनी त्या घरातल्या सगळ्या उशा उसवून पुन्हा भरल्या. सुनेला न विचारता. शेवटी ह्यांनी तट्टू आणि एक छोटी गाडी घ्यायचं ठरवलं. तट्टू गाडी ओढणार, दुकान चालू राहणार. तट्टू ओढू शकलं नाही तर दुकान बंद. इतका सरळ मामला होता, आणि तेच तट्टू आता खोकत होतं.

विकणारा म्हणाला होता, "काही खोट निघाली तर पुढच्या बाजारी घेऊन या, परत घेईन. नंतर मात्र माझ्याकडे यायचं नाही."

ह्यांनी निदान केलं, थंडी बाधली. मग मागच्या खोलीच्या खिडकीत पोती कोंबली, दाराच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या, खाली कापूस अंथरला. आल्याच्या रसात मध घालून चाटवलं. साहेबांनी मध तेवढा ओळखला आणि ह्यांचा अंगठाही जवळजवळ खाल्ला. खोकला काही हटेना. उलट रोज सकाळी वाढलेलाच.

"परत करून या," मी म्हटलं. "आजारी जनावर गळ्यात मारलंय त्याने. दुसरं बघा."

"अगं, माणूस आजारी पडला की काय आपण..."

"माणसाला गाडी ओढायची नसते."

दुपारी पाहते तर साहेबांच्या खोलीत कापसाचा आणखी एक थर पडला होता.

मुलाचा फोन आला तेव्हा नेमके साहेब खोकले. "बाबांना बरं नाही का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, बाबा बरे आहेत, हा दुसराच. मग सगळं सांगावं लागलं. तो काही वाईट बोलला नाही, फक्त म्हणाला, "आई, आता तरी ऐका."

बाजार दोन दिवसांवर आला तेव्हा मीच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. म्हटलं, एकदा त्यांच्या तोंडून ऐकलं की हे हट्ट सोडतील. बाई तरुण, बोलायला मोकळ्या. अंगणात त्यांनी साहेबांचा ताप बघितला, नाक बघितलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"ताप नाही. नाकही स्वच्छ आहे. काका, हा राहतो कुठे?"

ह्यांनी अशा थाटात दार उघडलं, जणू नव्या नवरानवरीची खोली दाखवायची आहे. आत साहेबांसाठी गादी घातली होती. नुसता पसरलेला कापूस नव्हे. चार कोपरे धरलेली, कडेने टाके घातलेली, नीट भरलेली गादी. कुणाचं लग्न ठरो, कुणाला मूल होवो की कुणाचा पाय मोडो, हे पहिला प्रश्न विचारतात, "झोपतोय कशावर?" मग आपल्याच घरच्या तट्टाला कसे विसरतील!

बाईंनी गादीवर एक थाप मारली. उन्हाच्या पट्ट्यात धूळ अशी उसळली की समोरची भिंत दिसेना. बाई शिंकल्या.

"ही कोणी केली?"

"मी स्वतः," हे म्हणाले. "आतला कापूस दोनदा पिंजलाय." आणि हे खोकले. मग अंगणातून साहेब खोकले. मग मलाही राहवलं नाही.

बाई आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या. "काका, तुम्हाला हा खोकला कधीपासून आहे?"

"हा होय? हा धंद्याचा खोकला. आमच्यात सगळ्यांना असतो."

"आणि ह्याला? हा तर धंद्यात परवाच आलाय."

मला हसू आलं, पण ह्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. बाईंनी समजावून सांगितलं. कापसाची धूळ त्याच्या छातीत जाते, वरून खोली बंद. त्याला उघड्यावर ठेवा, वर नुसता पत्रा पुरे. खाली धुतलेली वाळू. सुकं गवत द्यायच्या आधी चांगलं भिजवा. यंत्र पुढच्या ओसरीवर न्या, तोंडाला फडकं बांधा, आणि तुम्ही दोघं तुमच्या डॉक्टरांना छाती दाखवून या.

"बरा होईल?" ह्यांनी विचारलं.

"बहुतेक होईल. पण वेळ लागेल. बाजारापर्यंत नाही थांबायचा खोकला."

बाई गेल्यावर हे अंगणात बसून गादी उसवत राहिले. त्यांच्या हातची गादी आजवर कुणी नको म्हटली नव्हती. मला फार वाईट वाटलं. शेजारी बसून मीही एका बाजूने टाके काढायला घेतले.

साहेब पत्र्याखाली आले. यंत्र ओसरीवर गेलं. फडकं बांधायला हे तयार नव्हते, म्हणे, गिऱ्हाइकांना दरोडेखोर वाटेन. मी म्हटलं, एवढ्या पोटाचा दरोडेखोर कोण बघितलाय? मग बांधलं.

बाजाराच्या दिवशी सकाळी साहेब एकदाच खोकले. पण खोकलेच. हे दावं सोडून निघाले. मीच तर सांगितलं होतं परत करून या म्हणून. तरी फाटकाशी उभी राहून मी दोघांना वळणापर्यंत बघत राहिले. दोघं सारखेच रमतगमत चालले होते. घरात आले तर करण्यासारखं काम सुचेना.

ऊन उतरल्यावर टापांचा आवाज आला. मी बाहेर धावले. पुढे हे, मागे साहेब.

"काय झालं? परत घेत नव्हता का?"

"घेत होता. दावं हातातसुद्धा घेतलं त्याने. म्हणाला, काय खोट निघाली? मी म्हटलं, खोकतंय."

"मग?"

"मग मलाच खोकला आला." हे माझ्याकडे न बघता दाव्याची गाठ सोडत होते. "तो हसायला लागला. आणि माझ्या मनात आलं, मी तर लग्नाच्या आधीपासून खोकतोय. तू कुठे मला परत नेऊन दिलंस."

मी साहेबांच्या अंगावरची धूळ झटकायला घेतली.

"त्याच्यासाठी गवत भिजत घालायला हवं," हे म्हणाले.

"दुपारीच घातलंय," मी म्हटलं.

ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी आत जाऊन बादली आणली, साहेबांसमोर ठेवली, आणि ते खात होते तोवर आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.