ललकारी मागच्या डाव्या स्पीकरमधून

ऐका ना, आता मध्ये कुणी बोलायचं नाही. आणि शौनक, तू तर अजिबात नाही, कारण अर्धा गुन्हा तुझा आहे.

तर माझे आबा. गेनबा. हडपसरला आमच्याकडे आलात की "जेवल्याबिगर कुणी हलायचं न्हाय" म्हणून दारात उभे राहतात ना, तेच. आबांच्या तरुणपणी आमच्या वस्तीत खंडोबाच्या जागरणाचं मंडळ होतं. सगळे शेतकरीच. दिवसा कांदा काढायचे, रात्री दिमडी वाजवायचे. गाणारी मुक्ताई. ती मागच्या वर्षी गेली. पण तिचा आवाज असा होता म्हणे, की एक कंपनी जीपभर यंत्रं घेऊन आली आणि देवळापुढे जागरण चालू असताना तसंच्या तसं रेकॉर्ड करून गेली. त्याची तबकडी निघाली, 'जागर मळ्यातला'. मग कॅसेट निघाली, मग गणपतीत, लग्नात, टेम्पोत, सगळीकडे तेच.

आणि शेवटच्या गाण्यात ती ललकारी! मुक्ताई ओळ सोडते, आणि मागून एकदम "हेऽऽऽऽ" अशी वर, वर, वर जाते. अवनी, तुझी रिंगटोन होती बघ, जिच्यामुळे तुला लेक्चरमधून बाहेर काढलं. हां, तीच.

आता प्रॉब्लेम असा की ती ललकारी कुणाची? मागे साथ धरायला दोघंच होते, मांडीला मांडी लावून. डावीकडे आमचे आबा, उजवीकडे जयसिंग अण्णा. कोण कुठे बसलं होतं एवढं दोघांना मान्य आहे, बाकी काही नाही. आबा म्हणतात ललकारी माझी, अण्णा म्हणतात माझी. जुन्या तबकडीत सगळे आवाज एकाच पोत्यात कोंबलेले, त्यामुळे कळायला मार्गच नाही. यावरून दोघांचं बोलणं बंद. मळे शेजारी शेजारी होते तेव्हा बांधावर बोलायचे नाहीत. आता मळ्यांवर टॉवर उभे राहिले, दोघांचे फ्लॅट एकाच बिल्डिंगमध्ये, तर लिफ्टमध्ये बोलत नाहीत. एक आत असला की दुसरा जिना चढतो. सातव्या मजल्यापर्यंत! दोघांचे गुडघे गेलेत!

आणि यंदा भानगड झाली. चंपाषष्ठीच्या जागरणाची पहिली ललकारी हा मुक्ताईचा मान. ती गेली, म्हणून देवस्थानच्या लोकांनी ठरवलं की मान रेकॉर्डवरच्या ललकारीवाल्याला द्यायचा. झालं! आबा रोज सकाळी गॅलरीत उभे राहून घसा साफ करायला लागले. समोरच्या आयटीवाल्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, "बिल्डिंगमध्ये कुणी मोर पाळलाय का?" तुम्ही हसा. पण एकदा आबा मला हळूच म्हणाले, "रितू, एवढा एक मान मिळाला ना, मग मला काय नगं." त्यांचा चेहरा असा झाला होता की मी म्हटलं, मिळणार. बास. मिळणारच.

आणि नेमका तेव्हाच तो अल्बम सराउंड साउंडमध्ये परत आला. त्या वेळी प्रत्येक माईकची टेप वेगळी ठेवली होती म्हणे. त्यामुळे आता आपण मंडळाच्या मधोमध बसल्यासारखं ऐकू येतं. मुक्ताई समोर, दिमडी बाजूला आणि साथीवाले पाठीमागे, आपापल्या जागी. म्हणजे ललकारी मागून डावीकडून आली तर आबांची, उजवीकडून आली तर अण्णांची. विषय संपला!

आता असे स्पीकर कुणाकडे? शौनकच्या बाबांकडे. श्यामकाका. सदाशिव पेठेत तिसरा मजला, आणि दिवाणखान्यात माणसांपेक्षा स्पीकर जास्त. त्या खोलीच्या दारावर पाटी आहे: 'आत संगीत चालू असल्यास बेल वाजवू नये. चालू नसल्यास का आलात?' काका ऐकायला बसण्याआधी फ्रिज बंद करतात. का, तर त्याचा षड्ज चुकतो! आणि या अल्बमबद्दल काकांचं एक लाडकं मत आहे. "लोक ललकारीवर जातात. लोकच ते. ललकारीच्या आधीचा खर्ज ऐका. तुणतुण्याखाली एक घुमारा धरलाय बघा. कुणीतरी मोठा साधक आहे तो." यावर त्यांनी एका मंडळात व्याख्यान दिलंय. स्लाइडसकट.

तर दोघांना काकांकडेच नेऊन ऐकवायचं ठरलं. सगळे यायच्या आदल्या दिवशी काका बाहेर गेले होते, तेव्हा मी आणि शौनकने गुपचूप ऐकून घेतलं. पूर्ण नाही, फक्त ललकारीची जागा. आणि ती आली ना... उजवीकडून! अण्णांच्या स्पीकरमधून!

मी शौनककडे बघितलं. म्हटलं, "मागच्या दोन वायरी इकडच्या तिकडे केल्या तर?"

"बाबा मला घराबाहेर काढतील."

"हडपसरला राहायला ये. आजी मासवडी करते."

आणि या माणसाने मासवडीसाठी बापाला फसवलं! खोटं असेल तर सांग. बघा, लाजतोय.

दुसऱ्या दिवशी वरात निघाली. दोघं एका गाडीत बसेनात, म्हणून अण्णा त्यांच्या फॉर्च्युनरमधून आणि आबा, मी, शकूआजी रिक्षाने. आजीला गाण्याशी घेणंदेणं नव्हतं. तिला तिथून तुळशीबागेत जायचं होतं. आम्ही पोचलो, आणि अण्णा फॉर्च्युनर घेऊन पेठेत गोल गोल फिरतायत. शेवटी गाडी नदीपाशी कुठेतरी लावून चालत आले, घामाघूम.

आबा माझ्याकडे बघून, पण त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मोठ्या गाडीला मोठं गाव लागतं."

काकांनी दार उघडलं. "या. चप्पल बाहेर, मोबाईल बंद, आणि खोकला असेल तर आत्ताच काढून घ्या."

आजी म्हणाली, "घोटभर च्या मिळंल का?"

"चहा गाणं झाल्यावर. भुरक्यांचा वेगळा चॅनल नाहीये."

मधोमध एकच खुर्ची होती. काका म्हणाले की खरं सराउंड फक्त तिथेच ऐकू येतं. आबा आणि अण्णा दोघंही निघाले तिच्याकडे, आणि दोघंही थांबले. तू बस म्हणायचं तर बोलावं लागणार! तेवढ्यात आजी "माझं गुडघं बाई" म्हणत गेली आणि बसली. मग हे दोघं तिच्या दोन बाजूंना, तोंडं फिरवून.

फ्रिज बंद झाला. गाणं सुरू झालं.

आणि काय सांगू! मुक्ताई समोर बसली होती. शप्पथ. तिचा श्वास ऐकू येत होता, बांगड्या ऐकू येत होत्या. लांब कुठेतरी बैल मान हलवत होता, त्याची घुंगरं माझ्या पाठीमागून. अण्णांनी डोळे मिटले. आबांनी नकळत ताल धरला, आणि मग दोघांनी एकदमच, हळू आवाजात, साथ धरली. मला वाटलं, आता मिटतंय बहुतेक. वायरी परत लावू का? पण तेवढ्यात शेवटचं गाणं आलं.

काकांनी एक बोट वर केलं. "आता खर्ज."

आला खर्ज. मागून, उजवीकडून. आणि लोकहो, तबकडीत जो घुमारा होता ना, तो सुटा झाल्यावर असा होता: घर्रर्र... फुऽऽस. घर्रर्र... फुऽऽस.

कुणीतरी झोपलं होतं. मस्त, गाढ, तोंड उघडं टाकून! काकांचं बोट वरच राहिलं, आणि मग हळूहळू वाकलं. मग डावीकडे बारीकसं 'चर्र' झालं, आणि "हेऽऽऽऽ!" ललकारी! डाव्या स्पीकरमधून! आणि तिच्या शेपटाला, दिमडीखाली दबलेलं, पण आता स्वच्छ: "आयो आयो आयो..."

काकांनी गाणं थांबवलं.

आबा ताडकन उठले. "ऐकलं का? डावीकडनं आली! डावीकडं कोन व्हतं? मी व्हतो!"

इतक्या वर्षांनी अण्णा पहिल्यांदा आबांशी बोलले. "आन् उजवीकडं घोरतंय कोन मग?"

"उजवीकडं कोन बसलं व्हतं, तूच सांग की! देवाच्या जागरनात झोपला! अरं जागरन म्हंजी काय, रातभर देवासाठी जागायचं. आन् ह्यो घोरतोय! वस्तीत सांगतो आता."

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. आमच्याकडे चोरी परवडली, पण जागरणात डुलकी नाही. "मी झोपलो? मी? मी झोपलो असतो तर..." आणि पुढे बोलेचनात. बोलायचं तर होतं, पण गिळत होते काहीतरी. आणि मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं! आबांना मान द्यायला गेले, आणि अण्णांना घोरका ठरवून बसले. शौनक छताकडे बघत होता.

आणि आजी म्हणाली, "तेवढं घोरनं परत लावा हो."

काकांनी निमूट लावलं. घर्रर्र... फुऽऽस. आजीने डोळे मिटून, मान हलवत ऐकलं, एकदम कानसेनासारखं.

"ह्यांचं हाय."

"शके!"

"काय शके? लगीन झाल्यापसनं रोज ऐकतीय मी. आधी घर्र, मग शीळ, मग मधीच बंद पडतंय. आपुन उठून बघावं, हाय का गेलं, तवर परत चालू. उजवीकडनं येऊ दे न्हायतर छतातनं. ह्यांचंच हाय."

काका उठले, स्पीकरमागे वाकले, आणि सरळ झाले. "मागचे चॅनल उलटे जोडलेत. उंदीर असावेत." मग माझ्याकडे आणि शौनककडे बघून, "कॉलेजात जाणारे."

आणि मग अण्णा फुटले. त्यांनी पायातला मोजा काढला आणि पाऊल आबांच्या नाकासमोर धरलं. त्यावर हा एवढा जुना भाजल्याचा डाग! "बघ! दिवटी कुनाच्या हातात व्हती?"

दिवटी म्हणजे खंडोबाची मशाल गं, अवनी. तेल घालून पेटवतात, आणि जागरणभर कुणीतरी ती धरून बसतं. ती आबांच्या हातात होती. आबांना लागली डुलकी, दिवटी कलली, आणि उकळतं तेल अण्णांच्या पायावर. चर्र! "हेऽऽऽऽ!"

म्हणजे महाराष्ट्र ज्या ललकारीवर इतकी वर्षं माना डोलावतोय, ती बोंब होती!

"मग तेव्हाच बोलायचं ना, अण्णा!" मी म्हटलं.

"काय बोलू, पोरी? मुक्ताई उठली, माझ्या कपाळाला भंडारा लावला, म्हनली, अशी ललकारी जन्मात ऐकली न्हाय. तिला सांगू, बाई, पाय भाजला म्हनून?"

आबा खाली बसले. अण्णांच्या पायावरचा डाग परत एकदा बघितला. मग म्हणाले, "मला तर जाग आली ती टाळ्यांनीच. समदी आमच्याकडं बघून वा वा करत व्हती. मला वाटलं, मीच दिली."

"खरंच वाटलं?" आजीने विचारलं.

"निम्मं."

आता सगळे गार. एक झोपलेला, एक बोंबललेला. वस्तीत कळलं तर मान राहू दे, दोघांना देवळाची पायरी चढू देणार नाहीत. दोघांनी एकदमच काकांकडे बघितलं.

काका म्हणाले, "मी कुणाला काय सांगणार? मी स्लाइड केल्यात."

"पर ही नवी रेकॉर्ड लोक ऐकतीलच की," आबा म्हणाले.

"मागचे स्पीकर नीट लावून ऐकणारा पुण्यात एकच माणूस आहे. आणि तो आता फ्रिज चालू करून चहा टाकतोय."

चहा झाला. भुरके मारून झाला. मग अण्णा अगदी गोड आवाजात म्हणाले, "गेनबा, यंदाचा मान तू घे."

आबांना संशय आला. "का रं?"

"मला कुठं जमती ललकारी? मला तेल लागतं. तू दे. मी आपला दिवटी धरतो." आणि पेला खाली ठेवून म्हणाले, "तुझ्या शेजारी."

आजीला जो ठसका लागला, तो तुळशीबागेपर्यंत थांबला नाही.

चंपाषष्ठीला दिवेलागणीला सगळी वस्ती जमली होती. आबा नवीन धोतरात, भंडाऱ्याने पिवळे. आणि देवापुढे उभं राहायचं, त्यामुळे पाय अनवाणी. शेजारी अण्णा, हातात दिवटी, काठोकाठ तेल. आबांचं देवाकडे लक्षच नाही. एक डोळा दिवटीवर, आणि पायाची बोटं अशी आत वळवलेली. मी पहिल्या ओळीत होते, मला सगळं दिसत होतं. अण्णांनी दिवटी जराशी, अगदी जराशी कलती केली आणि कानाशी वाकून विचारलं, "गेनबा, जागा हायस न्हवं?"

आणि आबांनी जी ललकारी सोडली! एक थेंब सांडला नव्हता हां! देवळावरची कबुतरं उडाली, पोरं रडायला लागली, आणि मागचा एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "डिट्टो! डिट्टो रेकॉर्डवानी!"

रात्री दोघं एकाच लिफ्टने वर गेले. भांडत.