वर्षाच्या आत कढई

आमच्या घरात एअर फ्रायर आला तो माझ्या नवऱ्याच्या, पियूषच्या ढेरीमुळे. तेल कमी करायचं म्हणून त्यानंच मोठ्या हौसेनं आणला आणि पंधरवड्यात विसरला. सासूबाईंनी तर बघताक्षणी नाक मुरडलं होतं. "हवेत तळतात म्हणे. उद्या हवेत पोळ्या लाटाल." त्याच बाईच्या हातच्या कचोऱ्या आम्ही त्याच यंत्रात गरम करून खाल्ल्या, त्या गेल्यावर.

माझी नणंद अल्पनाताई धारला असते. तिच्या मुलाचा, धीरजचा साखरपुडा होता. हलवाई बोलावलेला असताना सासूबाई हट्टानं कढईपाशी बसल्या आणि मूगडाळीच्या कचोऱ्यांचा डोंगर तळला. उरलेल्या कचोऱ्या पिशव्यांत भरून देवासला घरी आणल्या आणि फ्रीजरमध्ये कोंबल्या. त्याच आठवड्यात दुपारी जरा आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत.

आमच्यात माणूस गेलं की वर्षश्राद्धापर्यंत घरात कढई चढत नाही. पुरी नाही, भजं नाही, काही नाही. अल्पनाताई फोनवर बजावायची, "कोमल, ध्यान ठेव हं. कढई चढली की गेलेल्याला कळतं, घर सावरलं. मग ते थांबत नाही." मला हे थोतांड वाटायचं. पण वाद घालायला सवड कुणाला होती? तात्यांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, घशाखाली घास उतरत नव्हता. वाटीभर वरणभातही उरायचा. सदरा खांद्यावरून घसरायला लागला. डॉक्टर म्हणाले, जेवत नाहीत हाच आजार, असंच चाललं तर हातचे जातील.

असे आठ-नऊ महिने ओढल्यावर एका संध्याकाळी काही सुचेना, म्हणून फ्रीजरमधली पिशवी काढली. पियूष म्हणाला, "डाल दे ना. यात तेल कुठंय? हवा आहे नुसती. ही काय कढई थोडीच झाली?"

यंत्र घुरघुरायला लागलं आणि थोड्या वेळानं घरभर हिंग-बडीशेपेचा वास सुटला. शिळ्याचा नव्हे, आत्ता तळतंय असा. मी जाळी बाहेर ओढली. एका कचोरीच्या मधोमध अंगठ्यानं पाडलेलं भोक होतं. तात्यांना वाढताना सासूबाई असंच भोक पाडायच्या, वाफ निघून जावी म्हणून. मी आत ठेवल्या तेव्हा सगळ्या अखंड होत्या. पियूषला दाखवलं तर म्हणे, "फूट गयी होगी यार."

तेवढ्यात तात्या आपणहून उठून आले. टेबलाशी बसले, शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाले, "तू पण बस. किती वेळ उभी राहशील?" मी पुढं झाले, तर त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. भोक पाडलेली कचोरी मी त्यांच्याच ताटात वाढली. दुसरं काय करणार? त्या दिवशी ते पोटभर जेवले.

मग तेच सुरू झालं. कचोरी असली की तात्या जेवायचे, त्या खुर्चीशी हळू आवाजात गप्पा मारायचे. नसली की ताट सारायचे. मला भीती वाटायची, खोटं कशाला बोलू. ओट्याशी भाजी चिरताना मानेवर गरम वारा यायचा, आणि यंत्र तर बंद असायचं. तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कचोरी लावायची. जिवंत माणूस जेवत होतं ना.

एक दिवस शेवटची पिशवी संपली. पियूषनं बाजारातल्या आणल्या. तात्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "या तिच्या नव्हेत." नंतर ते नुसत्या चहावर राहायला लागले. वर्षश्राद्धाला अजून महिना होता. मेलेल्याचा मान राखता राखता जिवंत माणूस घालवायचं का, या विचारानं माझं डोकंच फिरलं. पियूष कंपनीत गेल्यावर मी माळ्यावरची कढई काढली, घासली आणि चढवली. डाळ सासूबाईंसारखी परतली, हिंग त्यांच्यासारखा घातला. पहिली कचोरी फुगून वर आली आणि मला रडू फुटलं. वास हुबेहूब त्यांचाच होता.

तात्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा खुललेला होता. मग त्यांना कढई दिसली.

"सूनबाई, वर्ष झालं का?"

हो म्हणाले असते तर निभावलं असतं. पण तोंडून खरंच निघालं. "नाही तात्या. महिना आहे अजून."

"मग महिना होता की तिचा," ते म्हणाले. "घाई कशाला केलीस?"

आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं. मी गॅस बंद करायला वळले, तर म्हणाले, "राहू दे. आता तेल तापलंय, तर तळून घे."

ते जेवले. माझं मन राखायला जेवले, खाली मान घालून, शेजारची खुर्ची न ओढता. मी वाढत होते आणि मनातल्या मनात विनवत होते, आई, चुकलं माझं, एवढा महिना थांबा. पण घरात तात्या होते, मी होते आणि तेलाचा वास होता. आणखी कुणी नव्हतं.