नटावरची लाल रेघ

"हँडल सोडू नकोस! आभाळ कोसळलं तरी सोडू नकोस!"

"सोडलेलं नाही हो. तुम्ही ओरडलात की माझे हात जास्त कापतात," फिटरची बायको म्हणाली.

फिटर दारासमोरच्या फरशीवर उकिडवा बसून जॅकचा दांडा फिरवत होता. जॅक जुन्या मोटारीचा, जॅकवर लाकडी फळी आणि फळीवर लेकीच्या मोटरसायकलचं इंजिन. गाडीचा मधला स्टँड कधीच मोडला होता, त्यामुळे मागचं चाक उचलायचं म्हणजे हा एवढा घाट घालावा लागे. पुढच्या चाकाला दोन्हीकडून विटा लावायच्या, पुढचा ब्रेक ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधायचा. एवढं करूनही गाडीच्या तोंडाशी कुणीतरी उभं राहायलाच हवं, आणि लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर ते कुणीतरी म्हणजे कोण, हे वेगळं सांगायला नको.

बस डेपोत त्यानं उभा जन्म काढला होता. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी गल्लीत सगळे त्याला फिटरच म्हणत. पण चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा एक झटका येऊन गेला. वाचा परत आली, पाय जरा ओढत राहिला, आणि उजव्या हाताचा अंगठा व शेजारची दोन बोटं बधिर झाली. पायाचं सगळ्यांना दिसत होतं. बोटांचं मात्र त्यानं कुणाला कळू दिलं नाही. घरातच नर्स असताना आपण हे लपवलं, याचा त्याला छुपा अभिमानही होता.

लेक टेकडीपलीकडच्या इस्पितळात नर्स होती. गल्लीचं वळण संपलं की लगेच मोठा उतार लागे. "बाबा, या वेळी गॅरेजला टाकू का?" असं तिनं झटक्यानंतर एकदाच विचारलं होतं. त्या दिवशी तो जेवला नाही. पुन्हा तिनं विषय काढला नाही.

आज गाडी उचलण्याआधी त्यानं बायकोला मागच्या चाकाच्या नटाशी मुद्दाम खाली वाकायला लावलं होतं. "बघ. महिना झाला. रेघ केसभर तरी हललीय का?"

"नाही बाई," ती म्हणाली. तिनं न बघताच सांगितलं होतं, पण रेघ खरंच जागच्या जागी होती.

ती डेपोतली पद्धत. नट आवळला की नट आणि अ‍ॅक्सल यांच्यावरून रंगाची एक रेघ ओढायची. नट जरा जरी सुटला तर रेघ तुटलेली दिसते. ज्यानं आवळला त्यानंच ती ओढायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. रेघ म्हणजे सहीच. घरी रंगाऐवजी बायकोची लाल नेलपॉलिशची जुनी बाटली असे. आजची रेघ त्याला बाटलीतल्या रंगापेक्षा जरा जास्तच चकचकीत वाटली. ऊन लागून उजळली असेल, असं म्हणत त्यानं नटातली जुनी पिन ओढून काढली, पाना लावला, पानावर पायानं भार दिला आणि नट सैल केला. तो सैल करायचा आणि आवळायचा, दोन्ही चाक जमिनीवर असतानाच. उचललेल्या गाडीवर जोर लावणारा एक तर नवशिका असतो, नाहीतर गाडी अंगावर पडून अंथरुणाला खिळलेला.

चाक अधांतरी आलं. त्यानं चेन धुतली, तेल दिलं, ताण बघितला, चाक दोन्ही बाजूंनी सारखं मागे घेतलं. नट बोटांनीच फिरवून बसवला. आता गाडी खाली घ्यायची, नट पानानं आवळायचा, नट सुटू नये म्हणून नवी स्प्लिट पिन आरपार घालून तिचे पाय दुमडायचे आणि रेघ ओढायची. त्यानं जॅकचा दांडा उलटा फिरवायला घेतला. दुसऱ्याच फेऱ्याला दांडा बधिर बोटांतून निसटला. तो पकडायला जाताना कोपर फळीला लागलं आणि फळी सरकली.

"अहो!"

गाडी बायकोच्या अंगावर कलली. फिटरनं दोन्ही हात सीटखाली घातले, पण उजवा हात असून नसल्यासारखा. आतून लेक अर्धी वेणी तशीच सोडून धावत आली आणि खांदा लावून तिनं गाडी सावरली. तिघांनी मिळून जॅक काढला आणि गाडी बाजूच्या स्टँडवर उभी केली.

"कुठे लागलं?" लेकीनं विचारलं.

"तुझ्या आईनं हँडल सोडलं!"

"मी सोडलं?" बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी?"

खोटं बोललो हे त्याला बोलता बोलताच कळलं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तो जास्तच ताठ झाला. दोघी बघत होत्या. बघू देत. त्यानं नेलपॉलिशची बाटली उचलली, डाव्या हातानं झाकण उघडलं आणि नटावर लाल रेघ ओढली. अशी सुरेख, सरळ रेघ, की डेपोच्या साहेबानं पाठ थोपटली असती.

"झालं. जा आता, ड्यूटीला उशीर होईल."

लेकीनं रेघेकडे बघितलं, मग बापाकडे. वेणी पुरी करून, बॅग खांद्याला लावून ती निघाली. गाडी नेहमीसारखी ढकलत नेली. शेजारचं तान्हं बाळ दुपारचं झोपतं म्हणून देखभालीच्या दिवशी ती गाडी वळणावर नेऊन मगच सुरू करायची. बाळ तर रोजच झोपायचं, मग रोज का नाही, हे विचारायचं फिटरला कधी सुचलं नव्हतं.

तो हत्यारं आवरायला बसला. सुट्या वस्तू ठेवायच्या स्टीलच्या ताटलीत दोन पिना होत्या. एक जुनी, वाकडी. दुसरी नवी, सरळ.

त्यानं नवी पिन उचलली. पिन घातलीच नव्हती. आणि नट? पाना कधी लावला? त्यानं आठवून पाहिलं. सैल करताना लावलेला आठवला, नंतरचा आठवेना.

"काय झालं?" बायको म्हणाली.

तो उठला आणि पळत सुटला. पळणं कसलं, एक पाय पुढे आणि दुसरा फरफटत. चप्पल दारातच राहिली. वळणापर्यंत हाक पोचणार नव्हती. कान मात्र वळणाकडे लागले होते. इंजिनचा आवाज अजून आला नव्हता. आला की संपलं, पुढे उतार आहे. देवा, आजच्या दिवस ती बंद पडू दे. आयुष्यभर गाड्या सुरू व्हाव्यात म्हणून राबलेला माणूस आज उलटं मागणं मागत होता.

वळणावर एक टेम्पो उभा होता. फिटर त्याला धरून थांबला, कारण पुढचं पाऊल उचलेना. आणि टेम्पोच्या पलीकडे त्याला लेक दिसली.

ती मागच्या चाकाशी गुडघ्यावर बसली होती. पांढरा गणवेश मळू नये म्हणून खाली वर्तमानपत्र घातलेलं. हातात मोठा पाना. तिनं त्यावर पायानं भार दिला, अगदी त्याच्यासारखाच, आणि नट आवळला. बॅगेतून नवी पिन काढली, घातली, पकडीनं तिचे पाय दुमडले. चाक हलवून बघितलं. मग चिंधीनं तुटलेली रेघ पुसली, बॅगेच्या कप्प्यातून लाल नेलपॉलिशची एक नवी, थोडी वापरलेली बाटली काढली, आणि जीभ दातांत धरून, तान्ह्या बाळाला सुई टोचावी इतक्या जपून, बापाची रेघ पुन्हा ओढली.

फिटर टेम्पोमागे सरकला. ती दिसेनाशी होईपर्यंत तो तिथेच, अनवाणी, उभा राहिला. त्याला रडू आलं आणि त्यानं ते येऊ दिलं.

घरी आल्यावर त्यानं बायकोला आधी एवढंच सांगितलं, "हँडल तू नव्हतं सोडलंस."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "चप्पल घाला."

पुढच्या महिन्यात गाडी पुन्हा दारात आली. लेक गाडी लावून आत जायला निघाली, तेव्हा फिटरनं तिला हाक मारली आणि मोठा पाना तिच्यापुढे धरला.

"मी कशाला, बाबा? तुम्ही आहात ना," ती चटकन म्हणाली.

"मी आहेच. चुकलीस तर ओरडायला."

तिनं पाना घेतला, पण त्याच्याकडे बघेना. "आणि रेघ?"

"आवळेल त्याची रेघ. डेपोचा नियम आहे." त्यानं जुनी बाटली बाजूला सारली. "तुझ्या बॅगेतल्या बाटलीनंच ओढ. आमची पार सुकलीय."

लेकीनं खाली मान घालूनच जुनी पिन काढली आणि पानावर पायानं भार देऊन नट सैल केला. फिटर गाडीच्या तोंडाशी गेला. बायकोला बाजूला करून त्यानं हँडल दोन्ही हातांनी धरलं, आणि उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं एकेक करून त्याभोवती मिटवली.

"उचल," तो म्हणाला. "मी धरलंय."