बत्तीस किलोंची टोपली

मी एक जुनी मासळीची टोपली आहे. ठाण्याच्या कोळीवाड्यात, सगुणाबाईंच्या घरामागे मी पालथी पडून असते आणि एक कोंबडी माझ्यावर बसून ऊन खाते. मित्रांनो, वास येतो म्हणून नाक मुरडू नका, जरा ऐका.

कल्याणच्या देवराम बुरुडाने मला विणले. कामट्या इतक्या घट्ट ओढल्या की शेवटी तो स्वतःच माझ्यात उभा राहून दाखवू लागला. "बाई, तुम्ही थकाल, पण ही नाही थकायची," तो सगुणाबाईंना म्हणाला. मला केवढी ऐट आली होती!

सगुणाबाई रोज घाऊक बाजारातून बोय मासे आणि कोळंबी घ्यायच्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मी, अशी आमची स्वारी वर्तकनगरच्या वसाहतींत दारोदार फिरायची. माल अठरा-वीस किलोंचा, तोही अंदाजपंचे. सत्तर-ऐंशी रुपये सुटायचे आणि आम्ही दोघी खूश असायचो.

१९८८ साली त्यांची मालू बारावी कॉमर्सला गेली. घरातली एवढी शिकलेली पहिलीच. कॉलेजात गणिताच्या तासाला असमानता, म्हणजे 'इतक्याहून जास्त नको' अशी गणिते, शिकवली आणि पोरगी आलेखाचा कागद घेऊन आईसमोर बसली.

"आये, तुझा धंदा मी मांडून देते. रोज हाताशी पैसे किती?"

"पाचशे. जास्त कुठून आनू?"

बोय दहा रुपये किलो, कोळंबी पंचवीस. किलोमागे बोयीला तीन रुपये सुटत, कोळंबीला सहा. मग मालूने मला काठोकाठ भरून तोलले. बत्तीस किलो! तिने एक रेघ पैशांची मारली, एक माझी. रेघांच्या आत असेल ते जमण्यासारखे, बाहेरचे नाही. दोन्ही रेघा जिथे भेटल्या तिथे तिने टिंब दिले. वीस किलो बोय, बारा किलो कोळंबी, नफा एकशे बत्तीस रुपये.

सगुणाबाईंना वाचता येत नव्हते. तरी तो कागद त्यांनी देवाच्या तसबिरीशेजारी चिकटवला आणि कोळीवाडाभर सांगत सुटल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज काठोकाठ भरू लागले. मला त्यांच्या डोक्यावर चढवायला शेजारच्या आवडाबाई हात लावायच्या. त्या कळवळून म्हणायच्या, "सगुणे, मान मोडशील गो!"

"माझे पोरीनं लिवलंय. तिचं गनित खोटं कसं व्हईल?"

मालूही विचारायची, "आये, झेपतं ना?" तेव्हा बाई हसून मान हलवायच्या. ती मान हलवताना किती दुखे, हे फक्त मला ठाऊक होते. चुंबळीखालची थरथर माझ्या बुडाला कळायची. एखादी कामटी तुटावी आणि चार किलो मासळी रस्त्यावर सांडावी असे रोज वाटे. पण देवरामाचे विणकाम! माझी तारीफ करणाऱ्या त्या माणसाचा तेव्हा मला राग यायचा. मी काय करणार होते? टोपलीला तोंड असते, पण बोलता कुठे येते?

असे दीड वर्ष चालले. मग एका दुपारी वर्तकनगरात तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात सगुणाबाईंचा डावा हात बधिर झाला. मी गडगडत खाली गेले आणि कोळंबी पायऱ्यापायऱ्यांवर पसरली. मानेचे मणके झिजलेत, डॉक्टर म्हणाले. यापुढे डोक्यावर किलोभरही वजन नको.

घरी आल्यावर मालूने तसबिरीशेजारचा कागद उतरवला. त्यावर तिसरी रेघ मारली आणि पुढे लिहिले, 'आयेची मान, वीस किलो.' नवा कोपरा तपासला. नुसती वीस किलो कोळंबी घेतली असती, तर पाचशेच रुपये लागले असते आणि नफा झाला असता एकशे वीस. तिने आकडेमोड तीनदा केली. फरक तेवढाच निघाला, दिवसाला बारा रुपये.

खाटेवरून सगुणाबाईंनी विचारले, "काय बगतेस गो? तुझं उत्तर बरोबर व्हतं ना?"

मालू कागदाची घडी घालू लागली. मग म्हणाली, "बरोबर होतं, आये."

सगुणाबाई समाधानाने हसल्या. मालू कागद घेऊन मागच्या दारी आली आणि माझ्या काठावर डोके टेकून रडली. तिला जवळ घ्यायला मला हात नव्हते.

मित्रांनो, हिशेब जरूर मांडा, रेघाही मारा. पण टोपलीत किती मावते हे मोजण्याआधी, ती ज्याच्या डोक्यावर चढणार आहे त्याची रेघ आधी मारा. तो स्वतः सांगणार नाही. तुमच्यावर त्याची माया असेल, तर मुळीच सांगणार नाही.