नवऱ्याच्या पायावर पाय

असिमिनाचं डोकं सकाळपासूनच फिरलं होतं. लेकीच्या लग्नात ‘पत्नीने पतीचे भय धरावे’ हे वाक्य वाचू नका, असं सांगायला ती फादर लुकासच्या अंगणात गेली होती, आणि भांडून परत आली होती.

“अगं, शास्त्रातलं हे भय, मूळ ग्रीक ‘फोवोस’, म्हणजे आदर,” फादर कॉफीचा घोट घेत म्हणाले होते. “देवाचं भय धरतो ना आपण, तसं.”

“देव दारू ढोसून घरी येत नाही, फादर. आमच्या ह्यांनी फाटक वाजवलं की मी पोरीला घेऊन मागच्या खोलीत दडायचे. तो काय आदर होता?”

“त्यावर पोरींनी उतारा काढलाय की,” फादर हसले होते.

उतारा असा, की ते वाक्य आलं की नवरीनं नवऱ्याच्या पायावर पाय द्यायचा आणि सगळ्यांनी हसायचं. असिमिनाला त्या हसण्याचीच चीड होती. जन्मभर मार खायचा, आणि एकदा पाय दिला की फिट्टंफाट!

संध्याकाळी लग्नाला चर्च खच्चून भरलं. तिची लेक एव्हान्थिया आणि नवरदेव स्तेर्गिओस यांच्या डोक्यांवर एकाच रिबिनीनं जोडलेले लग्नाचे मुकुट चढले. वाचणारा त्या वाक्याशी आला, तशा सगळ्यांच्या नजरा खाली वळल्या. एव्हान्थियाचा पांढरा बूट उचलला गेला.

“चारचौघांत माझी शोभा केलीस तर बघ,” स्तेर्गिओस समोर बघतच पुटपुटला. “घरी गाठ माझ्याशी आहे.”

हातभर अंतरावर उभ्या असिमिनानं ते ऐकलं. बूट मुकाट्यानं खाली गेला.

“घाबरली, घाबरली,” मागे मैत्रिणी खिदळल्या.

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता. असा चेहरा असिमिनानं आरशात पुष्कळदा पाहिला होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पुढे झाली आणि सगळ्या वजनानिशी टाच जावयाच्या पायावर हाणली.

चर्च हसलं. नवरीनंच पाय दिला असं समजून स्तेर्गिओस गर्रकन वळला आणि त्याचा हात एव्हान्थियावर उगारला गेला. हसणं जागच्या जागी थांबलं.

“पाय मी दिला,” असिमिना म्हणाली. “मार मला.”

एव्हान्थियानं डोक्यावरचा मुकुट काढला. रिबीन ताणली, तसा त्याचाही मुकुट घसरून फरशीवर पडला. तो उचलायला ती सवयीनं वाकली, आणि अर्ध्यातच थांबली.

“तुझा तू उचल,” ती म्हणाली.